पवनचक्क्या उतरविण्याचा खर्च कोणी सोसायचा?

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या, त्या या शतकाच्या पहिल्या दशकात. अशा यंत्राचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरले जाते. म्हणजे ती उतरविण्याची वेळ दाराशी आली आहे. उभारणीच्या वेळी वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनी दिलेला लढा खानदेशातील कार्यकर्त्यांना आठवत असेल. मात्र उतरविण्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न त्या वेळी आपणही पुरेशा जोराने विचारला नाही, हे कबूल केले पाहिजे.

मुळात चक्कीचा मालक कोण, येथूनच घोटाळा सुरू होतो. जागा मिळवून देखभाल करणारी कंपनी एक. चक्की विकत घेणारा दूरच्या शहरातला कारखानदार दुसरा. त्याने ती घेतली, ती पुष्कळदा प्राप्तिकर वाचविण्यासाठी. २०१२ पर्यंत अशा यंत्रावर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखविता येत असे. पहिल्याच वर्षी लाभ पदरात पाडून घेतलेला हा गृहस्थ जीर्ण यंत्र उतरविण्यासाठी डोंगर चढून येईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

भंगारातून खर्च निघेल, असा युक्तिवाद होतो. मनोऱ्याचे पोलाद आणि जनित्रातील तांबे न्यायला ट्रक आपण होऊन येतील, यात शंका नाही. काचतंतूंच्या पात्यांना मात्र गिऱ्हाईक नाही, आणि शेकडो टन काँक्रीटचा पाया उखडण्यात कोणालाच नफा नाही. नांगर अडतो तो या पायाशीच.

समुद्रातील पवनचक्क्यांसाठी ब्रिटनने २००४ च्या ऊर्जा कायद्यात उतरविण्याचा आराखडा व आर्थिक हमी मागण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. तो काही समाजवादी देश नव्हे! आपल्या केंद्र सरकारचे २०२३ चे धोरण जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या बसविण्याचे व जुन्यांचे आयुष्य वाढविण्याचे आहे. त्यास आमचा विरोध नाही. पण नवी चक्की आली तरी जुना पाया जमिनीत राहतोच.

म्हणून वीज विकली जात आहे तोवरच दर युनिटमागे काही रक्कम स्वतंत्र निधीत जमा झाली पाहिजे. चक्की थांबल्यावर वसुलीसाठी कोणी सापडणार नाही. हा निधी ग्रामसभेच्या संमतीवाचून खर्च होऊ नये, आणि पाया किती खोलवर काढायचा, पाती कोठे न्यायची, हे लेखी ठरावे. साक्रीच्या शाखांनी पावसाळ्यापूर्वी चक्क्यांची गाववार यादी करावी : गट क्रमांक, मालकाचे नाव, उभारणीचे वर्ष. कचेरीत खेटे घालण्याआधी चक्कीच्या पायथ्याशी राखण करणाऱ्या गावच्याच पोराला विचारावे.