पाण्याला एक माप, बसला दुसरे

डोंगरी भागातील एसटी तोट्यात चालते, सबब तिच्या फेऱ्या आटोपत्या घ्याव्यात, हा युक्तिवाद आता इतका रुळला आहे की तो करणाऱ्याला आपण काही वादग्रस्त बोलत आहोत असे वाटेनासे झाले आहे. भंडारदऱ्याच्या बाबतीत त्याला आणखी एक जोड मिळते. पर्यटक आपापल्या मोटारींनी येतातच. तेव्हा रस्ते रुंद करा, वाहनतळ बांधा, बसचे काय घेऊन बसलात? ही विचारसरणी कोणाच्या सोयीची आहे हे सांगण्याची गरज नाही. ती अर्थशास्त्राच्या कसोटीलाही उतरत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. कारण ती अर्थशास्त्राचाच आव आणून मांडली जाते.

ज्या जलाशयाभोवती हा वाद आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करणे बरे. प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पुरे झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत अकरा अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी अडविते. हे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. त्यावर ऊस उभा राहिला, उसावर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कारखान्यांवर पुढे महाराष्ट्राचे निम्मेअधिक राजकारण! पण सरकारी खतावणीत दख्खनचे कालवे फायद्याचे कधीच नव्हते. दुष्काळापासून संरक्षण देणारी कामे म्हणून ती ब्रिटिश सरकारने पत्करली होती, पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज सुटेल म्हणून नव्हे. म्हणूनच प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. कालव्याने सरकारी तिजोरीला काय दिले एवढेच न विचारता, त्याने शेतीला, मजुरीला, बाजारपेठेला, वाहतुकीला प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष काय दिले, हे त्यांनी मोजले. त्या मापाचा लाभ बागायतदारांना पाऊणशे वर्षे मिळतो आहे, आणि तो मिळू नये असे कोणी म्हणणार नाही.

मग तेच माप धरणाच्या वरच्या अंगाला, शेंडीहून रतनवाडीला किंवा घाटघरला जाणाऱ्या बसला का लागू होऊ नये?

वरच्या अंगाला राहणारे लोक महादेव कोळी आणि ठाकर आहेत. त्यांच्या खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या उतारावर ते भात-नागली पिकवितात, हिरडा गोळा करतात, सुगी संपली की नारायणगाव-जुन्नरच्या बागायतीत मजुरीला उतरतात. नगर शहरात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर-रतनवाडीत त्याच्या कित्येक पटींनी कोसळतो. तो सारा पाऊस अंगावर झेलून जिल्ह्याला पाणी पोचविणाऱ्या या पाणलोटाला उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण करावी लागते, आणि बाळंतिणीला राजूरला न्यायचे तर बसची वाट पाहावी लागते. ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. २०२४ मध्ये सबंध जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले. परंतु गाडीच आली नाही तर पास हा केवळ कागद आहे. शाळा सुटल्यावर परतीची फेरी नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबते, हा तोटा महामंडळाच्या कोणत्या रकान्यात लिहिला जातो?

येथे पायी हिंडणाऱ्याचा संबंध येतो. जलाशयाला वळसा घालणारी वाट शेंडीहून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी फिरून पुन्हा शेंडीला येते. चाळीस किलोमीटरांहून अधिकच भरेल. मोटारवाला ती एका दुपारी उरकतो: धबधब्यापाशी एक छायाचित्र, अमृतेश्वराच्या मंदिरापाशी दुसरे, घाटघरच्या कोकणकड्यावर तिसरे, आणि चिवड्याची रिकामी पिशवी मागे. पायी जाणाऱ्याला दोन दिवस लागतात. तो रतनवाडीत कोणाच्या तरी ओसरीवर निजतो, भाकरी-पिठले खातो, त्याचे पैसे त्या घरात पडतात. शिवाय ज्याने मोटार आणली त्याला मोटारीपाशीच परतावे लागते. बसने आलेल्याला तसे बंधन नसते. रतनगड चढून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड गाठावा आणि पाचनईला उतरून तेथून राजूरकडे यावे, किंवा बारीला उतरून १६४६ मीटरचे कळसूबाई पाहून संध्याकाळची गाडी धरावी. सह्याद्रीतील या सरळ वाटा बसशिवाय अर्ध्या निरर्थक होतात. मुंबईचा गिरणी कामगार, शिक्षक, टपाल कर्मचारी यांनी कसारा-इगतपुरीपर्यंत रेल्वेने व पुढे एसटीने येऊन हे डोंगर तुडविले आहेत. गिर्यारोहण ही चैन आहे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अर्थात पर्यटन म्हणजे लूटच, अशी सोपी घोषणा येथे चालणार नाही. तंबू लावणारे, वाट दाखविणारे, जेवण घालणारे अनेक तरुण याच गावांचे आहेत आणि त्या उत्पन्नामुळे काही घरांची मजुरीची फरफट थांबली आहे. वडापची जीप चालविणाराही गावातलाच. बस येत नाही तेव्हा तोच माणसे नेतो. त्याला खलनायक ठरविणे हा शहाणपणा नव्हे. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, पास चालवीत नाही, आणि मुसळधार पावसात एकट्या म्हातारीसाठी निघत नाही.

काजव्यांच्या हंगामात तर या धोरणाचे सारे बिंग बाहेर पडते. मे अखेरीस व जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात. तो त्यांचा विणीचा काळ; नर प्रकाशाने मादीला साद घालतो, आणि अंधार हीच त्या संसाराची पहिली अट असते. त्या अंधारात आपण काय सोडतो, तर मोटारींच्या रांगा आणि त्यांचे प्रखर दिवे! हा मुलूख १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे बसतात. तितक्याच माणसांना दहा-बारा मोटारी लागतात. शेंडीला खासगी वाहने थांबवून पुढे एसटी चालविली तर काजवे वाचतील, रस्ता मोकळा राहील, आणि पर्यटकाच्या तिकिटातून आडदिवसाच्या फेरीचा भार काही अंशी निघेल. एका हंगामाने दुसऱ्याला आणि एका मार्गाने दुसऱ्याला सावरावे, हाच तर सार्वजनिक वाहतुकीचा पाया आहे.

तो पाया याच जिल्ह्यात घातला गेला, हे विसरले जाते. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती नगरहून पुण्याला. त्यापूर्वी खासगी मोटारबसचा कारभार कसा चालत असे, हे गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीच्या पाहणीत १९३५ मध्येच नोंदवून ठेवले आहे. जेथे उतारू तेथे गाड्यांची झुंबड आणि जेथे उतारू विरळ तेथे कोणीच नाही, ही मोकाट स्पर्धेची रीत. राष्ट्रीयीकरणाने ती मोडली आणि ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद शक्य झाले. आज तोटा तोटा म्हणून ओरडणाऱ्यांनी हेही सांगावे की राज्य सरकारने याच एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल केला. डिझेलवरचा कर आणि टोल वेगळेच. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलती जाहीर करायच्या, त्यांची भरपाई रेंगाळत ठेवायची, आणि मग ताळेबंद दाखवून फेऱ्या कापायच्या! २०२१-२२ चा प्रदीर्घ संप वेतनासाठी झाला, पण त्याच्या मुळाशी हाच ताळेबंद होता. त्या काळात बंद पडलेल्या कित्येक खेड्यांच्या फेऱ्या संप मिटल्यावरही पूर्ववत झाल्या नाहीत.

डोंगरावर आणि पाण्याकाठी पायी हिंडण्याचा हक्क हा परदेशांतही श्रीमंतांनी दान केलेला नाही. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या पठारावर जमीनदारांची बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला. पूर्व जर्मनीत लुसाशियाच्या कोळसाखाणी संपल्यावर उरलेल्या एका प्रचंड खड्ड्यात १९६७ पासून पाणी सोडून सेन्फ्टेनबर्गचे सरोवर तयार केले गेले आणि १९७३ मध्ये तेथे लोकांसाठी स्नानाचा किनारा खुला झाला. त्या राजवटीचे दोष झाकण्याचे कारण नाही. पण उकरलेली भूमी पुन्हा सर्वांच्या उपयोगाची व्हावी, हा विचार तेथे योजनेचा भाग होता. भंडारदऱ्याच्या योजनेत भिंतीच्या वरच्या माणसाचा विचार एक शतक उलटले तरी दाखल व्हायचा आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. अकोल्यातील आदिवासींच्या प्रश्नावरची शिबिरे भंडारदऱ्याला होतात आणि शिबिरार्थी भाड्याच्या मोटारींतून उतरतात, हे दृश्य अपूर्व नाही. पुढचे शिबिर बसने यावे. उतारूंची मोजदाद तेथपासून वाढू द्यावी. अकोले आगाराकडे करावयाची मागणी मोघम असू नये. शाळेच्या वेळेला धरून सकाळ-संध्याकाळची फेरी, बाजाराच्या दिवशी राजूरची जादा गाडी, शनिवार-रविवारी जलाशयाला पूर्ण वळसा घालणारी गाडी, आणि दोन्ही काठांना एकेक मुक्कामी गाडी, असे लिहून द्यावे व ग्रामसभांचे ठराव जोडावेत. मुक्कामी गाडी मागणाऱ्याने तिच्या चालक-वाहकांची सोयही मागितली पाहिजे. आज खेडोपाडी ही माणसे गाडीतल्या बाकावर नाहीतर देवळाच्या ओवरीत रात्र काढतात. ग्रामपंचायतीने एक कोरडी खोली, नळ आणि शौचालय द्यावे, त्याचा खर्च जिल्हा परिषदेकडून मिळवावा. मग पहाटेची गाडी वेळेवर सुटत नाही ही तक्रार करता येईल.