गुलामगिरी शोधायला टोकावड्याला या



मध्यंतरी एका विद्यापीठात 'आधुनिक गुलामगिरी' या विषयावर चर्चासत्र झालं. आम्ही दोघं-तिघं मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. पडद्यावर आफ्रिकेतल्या खाणी दाखवल्या, आखातातल्या मोलकरणी दाखवल्या. ते सगळं खरं आहे, त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. पण दिवसभरात एकाही प्राध्यापकाच्या तोंडी मुरबाड आलं नाही, शहापूर आलं नाही, कातकरी हा शब्दसुद्धा आला नाही. आणि ज्या बाया आमच्या उष्ट्या ताटल्या उचलत होत्या, त्यांना ठेकेदार रोज किती देतो हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही. खोटं कशाला बोला, आम्हीपण विचारलं नाही. घरी येताना लोकलमध्ये लाज वाटली. म्हणून हे लिहितोय. विद्यापीठातल्या मास्तरांसाठी, आणि त्याहून जास्त तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी.

कल्याणहून मुरबाडला जा, पुढं माळशेजची वाट धरा. टोकावडे लागतं. आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वाड्या. लावणीचं काम संपलं की कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो. नेमका तेव्हा मुकादम वाडीवर येतो, बयाणा देतो. कुणाला आजारपणासाठी, कुणाला लग्नासाठी, कुणाला नुसतं पोट जाळायला. दिवाळी सरली की टेम्पो येतो आणि अख्खं बिऱ्हाड, तान्ह्या पोरासकट, भांड्याकुंड्यांसकट, वीटभट्टीवर जाऊन पडतं. नवराबायकोची जोडी अंधारात उठून चिखल तुडवायला लागते. हजार विटांमागं मजुरी ठरलेली असते, पण ती हातात येत नाही. आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-मिरचीपुरती. बाकी सगळं शेठच्या वहीत. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. वही शेठची, बेरीजही शेठचीच. भिजलेल्या विटा वजा, फुटलेल्या वजा, तापात पडून राहिलेले दिवस वजा. बयाणा फिटत नाही. बाकी अंगावर राहते आणि त्या बाकीपायी पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. दिवाळीला सुटलेली पोरांची शाळा सुटलेलीच राहते.

सगळ्याच भट्ट्या अशा नसतील. पण जिथं हे असं चालतं, तिथं त्याला मजुरी म्हणू नका. कायद्यात त्याला नाव आहे, वेठबिगारी. संविधानाच्या २३ व्या कलमानं वेठ बंद केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असल्या कर्जातून माणूस मोकळा केला आणि ते कर्जही रद्द केलं. हे कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्या कायद्यानं सावकारावर टाकली, मजुरावर नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद. पुढं १९८२ साली, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा वेठच. म्हणजे वेठ फक्त रानातच शोधायची असं नाही. विद्यापीठाच्या आवारातला ठेक्यावरचा झाडूवाला, बारा तास उभा राहणारा वॉचमन, यांची पगाराची पावती बघा म्हणजे कळेल.

जोतिबांनी 'गुलामगिरी' लिहिली १८७३ साली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना अमेरिकेतला गुलाम दिसत होता, कारण दाराशेजारचा शूद्रातिशूद्र त्यांनी आधी पाहिला होता. आमच्या विद्वानांचं उलटं झालंय.

पण नुसतं विद्वानांना शिव्या घालून आपण सुटत नाही. महारकीचं वतन म्हणजे तरी काय होतं? पिढ्यान् पिढ्या सरकारची आणि गावाची वेठ, आणि बदल्यात तुकडाभर जमीन न् भाकरतुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. कायद्यानं वतनं गेली ती त्यांच्या निर्वाणानंतर. आपले आजे त्या वेठीतून बाहेर पडले म्हणून आपण आज कॉलेजात आहोत. मग भट्टीवरच्या कातकऱ्याला 'ते आदिवासी, त्यांचं वेगळं' म्हणून आपण पुढं जायचं? तसं गेलो तर आपल्यात आणि त्या चर्चासत्रात फरक काय राहिला?

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकऱ्यांची लहान लहान पोरं नगरकडं मेंढ्या राखायला दिलेली उघडकीस आली. थोडे पैसे आणि एखादी मेंढी, एवढ्यावर. त्यातली दहा वर्षांची एक पोरगी मेली, तेव्हा कुठं बोभाटा झाला. दर वेळी मढं पडल्यावरच आपण जागं व्हायचं का?

कायदा आपल्या पायांनी वाडीवर चालत जात नाही. आमच्या गोदीतही १९४८ चा कायदा आला, पण युनियन होती म्हणून तो धक्क्यावर उतरला. जुन्या ठाणे जिल्ह्यात १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी श्रमजीवी संघटना उभी केली, तीसुद्धा वेठबिगार सोडवता सोडवताच. म्हणजे हे होतं. फक्त कुणीतरी जावं लागतं.

तेव्हा विद्यापीठवाल्यांनो, तुम्हाला लिहिता-वाचता येतं, बेरीज येते, अर्ज करता येतो. भट्टीवर नेमकी याचीच वाण आहे. पावसाआधी हिशेबाच्या दिवशी मजुराशेजारी जाऊन बसा. किती विटा पाडल्या, किती खर्ची घेतली, त्याची त्याच्यासाठी वेगळी वही ठेवा. वेठ दिसली की तहसीलदाराकडं, प्रांताकडं लेखी अर्ज द्या आणि मुक्तीचा दाखला मागा. त्या दाखल्यावर सरकारी योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे आणि पुनर्वसनाचे १ ते ३ लाख आहेत. जिल्ह्याच्या दक्षता समितीत अनुसूचित जाती-जमातींची ३ माणसं आणि २ सामाजिक कार्यकर्ते घ्यावेत असं कायदा सांगतो. ती कोण आहेत, समिती शेवटी कधी बसली, हे कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा. आणि वसतिगृहाची नवी इमारत बांधाल तेव्हा कुलगुरूंना विचारा, वीट कुठल्या भट्टीची, आणि ती पाडणाऱ्याचा हिशेब झाला का?

तानसा-भातसाचं पाणी शहापुरातून मुंबईला येतं. ते आपण रोज पितो. त्या मुलखातल्या माणसांचं एवढं देणं तरी आपल्या अंगावर आहे.

येत्या उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत. वह्या आणि पेनं घेऊन या.

जयभीम.