बाल न्याय मंडळाच्या दारी आपले विद्यार्थी

स्मरणिकेत शाळेच्या यशाची नोंद व्हावी, हे रास्तच आहे. डॉक्टर, अधिकारी, शिक्षक झालेल्या सहाध्यायांची नावे वाचताना आम्हालाही अभिमान वाटतो. परंतु राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यातील जी मुले पटावरून गळतात आणि पुढे एखाद्या भुरट्या चोरीच्या वा मारामारीच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात पोहोचतात, त्यांचे नाव कोणत्याच स्मरणिकेत येत नाही. ती मुलेही आपल्याच वस्त्यांतली आहेत.

२०१५ चा बाल न्याय अधिनियम अशा मुलाला आरोपी म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याच्यासमोर न्यायालय नसते, मंडळ असते. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला. पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरादाराचा सामाजिक तपास अहवाल द्यावा आणि साधारण चार महिन्यांत चौकशी संपावी, असे कायदा सांगतो. जामीन हा नियम आहे, नकार हा अपवाद.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. राज्यभर संताप उसळला, तो स्वाभाविक होता. त्यातून कायदाच मवाळ आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो आम्हाला मान्य नाही. जामिनाचे जे कलम पुण्यातील मुलासाठी होते, तेच जिवतीच्या डोंगरातील मुलासाठीही आहे. पण तिथल्या कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या आईला चंद्रपूर गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मंडळासमोर काय विचारले गेले हे तिला कळेलच याची खात्री नसते. हमी द्यायला वेळेवर कोणी उभे राहिले नाही, तर मूल निरीक्षणगृहातच राहते. उणीव तरतुदीत कमी आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माणसांत जास्त आहे.

ही माणसे आपण देऊ शकतो. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य असते. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या इतर शाखांतही क्षेत्र-प्रकल्प आले आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेला ‘प्रयास’ प्रकल्प कोठडीत वा तुरुंगात अडकलेल्यांसोबत काम करत आला आहे. आपल्या वनजिल्ह्यांत अशा कामाची गरज कमी नाही. तरीही आपली मुले इंटर्नशिपसाठी नागपुरातील नामांकित वकिलांची कार्यालये शोधतात, फायली वाहतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात.

त्यांनी मंडळात यावे. पालकांशी त्यांच्या भाषेत बोलावे, गृहभेटीत परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या सोबत जावे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळवून द्यावा, वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला काढून आणावा. काम साधे आहे, पण त्यावर मुलाचे महिनेच्या महिने अवलंबून असतात. पथ्यही कडक आहे. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाइलवर स्टेटस ठेवण्याची सवय असलेल्यांनी आधी ती सोडावी.

एक अडचण मात्र खरी आहे. वकील परिषदेच्या नियमात सलग इंटर्नशिप चार आठवड्यांपलीकडे जात नाही, आणि चौकशी चार महिने चालते. विद्यार्थी निघून गेला की मूल पुन्हा अनोळखी हाती पडते. म्हणून एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा पाळीने जावे. एकाचा महिना संपण्याआधी दुसरा रुजू व्हावा आणि नोंदवही परिवीक्षा अधिकाऱ्यांकडेच राहावी. ही पाळी जुळवण्याचे काम माजी विद्यार्थी मंडळाने हाती घ्यावे.

याहून अवघड प्रश्न आपल्या शाळेचा आहे. मंडळातून सुटलेले मूल शिकायचे म्हणाले, तर आपल्या वसतिगृहात त्याला जागा आहे काय? कायद्याने सर्वसाधारणपणे अशा प्रकरणाचा डाग मुलाला पुढे लागू नये आणि नोंदीही कालांतराने नष्ट व्हाव्यात, असे ठरवले आहे. पण समाजाची स्मरणशक्ती कायदा पुसू शकत नाही. भिक्खू झालेल्या अंगुलिमालालाही भिक्षेच्या वाटेवर दगड खावेच लागले होते. पालकांची धास्ती आम्ही समजू शकतो. ज्यांची लहान मुले त्याच खोलीत झोपणार, त्यांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यांचे उत्तर प्रवेश नाकारून मिळणार नाही, गृहपालांची संख्या वाढवून आणि समुपदेशक नेमून मिळेल. त्याला पैसे लागतात. सुवर्ण कमानीसाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्या समाजाला ते जड जाऊ नयेत.

जूनमधील प्रवेशापूर्वी व्यवस्थापनाने दोन जागा राखून ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे. त्या कोणासाठी आहेत, हे मुख्याध्यापक आणि गृहपाल यांच्याखेरीज कोणालाही कळू नये. जिवतीहून येणाऱ्या आईच्या एस.टी. भाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारावा. पहिली रक्कम आमच्याकडून याच मेळाव्यात जमा होईल.