ओल्या वाळूचा जुना रहिवासी

दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या उत्तरेने मुळा-मुठा वाहते आणि पुढे शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. या भागाचा इतिहास सांगताना आपण पाण्यापासून सुरुवात करतो. 1879 साली खडकवासला धरण पुरे झाले, कालवा पाटसपर्यंत आला, जिरायती रान उसाखाली गेले. काठावर आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचा इतिहास मात्र अर्धाच लिहिला गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंद केली. 1901 ते 1908 या काळात निघालेला त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो. पण तो फुलणाऱ्या वनस्पतींचा. ज्याला फूल नाही, बी नाही, त्या काठावरच्या एक्विसेटम या वनस्पतीला त्यात जागा नव्हती.

ओळख तशी अवघड नाही. हिरवी, पोकळ, उभ्या रेघांची काडी. हात फिरवला तर खरखरीत, कारण तिच्या सालीत सिलिका असते. दर पेरावर पानांऐवजी दातेरी कड असलेले छोटे वेष्टन. ओढली की काडी नेमकी सांध्यात सुटते. लव्हाळ्याला असे सांधे नसतात; सुरूची काडी पेरांची असली तरी झाडाच्या फांदीवर असते. आपल्याकडची जात एक्विसेटम रॅमोसिसिमम. हिचा बीजाणूंचा शंकू हिरव्या काडीच्याच टोकाला येतो, आणि त्याला बारीक अणकुची असते. औषधी म्हणून विकली जाणारी एक्विसेटम आर्वेन्स थंड मुलखातली; तिची शंकूची काडी वेगळी, फिकट असते. ही खूण पाहिल्याशिवाय नाव लावू नये.

एक्विसेटमचे कूळ दख्खनच्या काळ्या खडकाहून कितीतरी जुने. हा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. विदर्भातला दगडी कोळसा ज्या काळातला, त्या गोंडवन थरांत या कुळातल्या शिझोन्यूराचे ठसे भारतात मिळतात. युरोपातल्या कोळशाच्या जंगलात हिचे भाऊबंद 30 मीटर उंच वाढत.

एवढ्या काळातून निभावलेल्या कुळाची मागणी साधी आहे: ऊन, ओल आणि वाळू. नदीकाठ, ओघळ, कालव्याचा पाझर, एवढ्यावर तिचे भागते. नेमके तेच आपण काढून घेतले. वाळू उपसली, पात्रात पुण्याचे सांडपाणी आणि जलपर्णी आली. कालव्याला अस्तर केले की पाझरही थांबतो. ही जात जगातून जाणार नाही. पण या काठावरून ती नोंद न होताच जाऊ शकते, आणि ते आपल्याला शोभणारे नाही.

दौंड-शिरूरच्या महाविद्यालयांनी यंदा आपापला काठ धुंडाळावा. एक्विसेटम सापडली तर शंकूसह एखादी काडी वाळवावी, जागा आणि तारीख लिहावी आणि पुण्यात 1955 पासून असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडे द्यावी. नाही सापडली, तर तेही लिहून ठेवावे.