जाहीर इशारा : सकाळी सहा ते दहा दार बंद

इमारतीतले शेजारी, नात्यातली माणसं आणि मालिकांच्या कामासाठी मला फोन करणारे सर्वजण, नीट वाचा. येत्या सोमवारपासून सकाळी सहा ते दहा मी लिहीत असेन. या चार तासांत दार उघडणार नाही, फोन उचलणार नाही.

‘वहिनी, तुम्ही घरीच असता ना’ हे आता पुरे. मालिका-चित्रपटांच्या या अंधेरीत कितीतरी जणांचं पोट घरी बसून लिहिण्यावर चालतं. तुम्ही लोकलसाठी फलाटावर उभे असता तेव्हा शेजारचा सिलिंडर उतरवून घ्यायला कोणी तुम्हाला परत बोलावत नाही. मला बोलावता. पार्सल, कामवालीसाठी ठेवलेली किल्ली, टँकर आला का याची चौकशी, सगळं माझ्याच दाराशी. तुमचं काम दोन मिनिटांचं असतं. माझा मोडलेला प्रसंग मात्र दुपारपर्यंत जुळत नाही. घरात लिहिणारी बाई रिकामीच असते, हा समज यापुढे मी चालवून घेणार नाही.

डोक्यावरून जाणाऱ्या विमानांशी, मेट्रोशी माझं भांडण नाही. त्या आवाजात लिहिता येतं. नाव घेऊन मारलेल्या हाकेत येत नाही.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या. मराठी माणसाला सलग लिहायला तुरुंगातच जावं लागावं काय?

दिवाळी अंकाची कथा गणपतीच्या सुमारास संपादकांकडे पोचावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रात्री उशिरापर्यंत लाउडस्पीकर चालतात. सहाला उठायचं तर झोप हवी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. सणांसाठी सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस सूट देऊ शकतं, तीही रात्री बारापर्यंतच. हे मंडळाच्या मुलांनी वाचावं, सोसायटीच्या सेक्रेटरींनीही.

माझ्याकडच्या किल्ल्या रविवारी संध्याकाळपर्यंत घेऊन जा. सोमवारपासून तुमची पार्सलं परत जातील. आजारपण, आग, अपघात असेल तर जरूर दार ठोठवा, मी धावत येईन. बाकी कशासाठीही नाही. आणि सूट नसताना लाउडस्पीकर दहानंतर वाजला तर विनवणी करायला मी खाली येणार नाही. ११२ला फोन करीन आणि सकाळी पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देईन.