दप्तर दूर, पत्ता एकच

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर व्यापले, तेव्हा दुकानांतील मालाबरोबर कचेऱ्यांतील दप्तरे आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथही पाण्याखाली गेले. आपले कागद संगणकावर उतरवून तो संगणक नदीकाठापासून दूर ठेवावा आणि जाळ्यातून सर्वांनी तो वापरावा, हा विचार त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही जबाबदार विश्वस्ताच्या मनात आल्यावाचून राहू नये. परंतु दप्तर दूर गेले की ते कोणत्या नावाने मागवावयाचे, हा प्रश्न उभा राहतो; आणि तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याइतका किरकोळ नाही.

दूरच्या सर्व्हरवरील डिरेक्टरी आपल्याच यंत्रावर असल्यासारखी वापरता यावी, ही सोय १९८० च्या दशकाच्या मध्यास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या एनएफएस प्रणालीने रूढ केली. पुढे आला ऑटोमाउंटर. मागणी होताच डिरेक्टरी जोडावयाची आणि काही काळ कोणी विचारले नाही की ती सोडून द्यावयाची, हे त्याचे काम. जुन्या ऑटोमाउंटरची रीत मात्र अशी, की खरी डिरेक्टरी तो ‘टीएमपी_एमएनटी’ या तात्पुरत्या स्थानी जोडी आणि मागितलेल्या नावाच्या जागी केवळ एक सिमलिंक, म्हणजे त्या स्थानाकडे बोट दाखविणारा दुवा, ठेवी. कारकुनाने रुमाल मेजावर आणून ठेवण्याऐवजी तो आज कोणत्या फळीवर आहे याची चिठ्ठी हाती द्यावी, तसाच हा प्रकार होता.

यातून होणारा अनर्थ मोठा फसवा असे. समजा, ग्रंथपाल ‘होम’मधील ‘वाचनालय’ डिरेक्टरीत शिरला आणि आपण कोठे आहोत असे त्याने यंत्राला विचारले, तर उत्तरात तो तात्पुरता पत्ता येई. तोच त्याने रात्रीच्या बॅकअपच्या आज्ञावलीत लिहून ठेवला, तर दिवसा डिरेक्टरी जोडलेली असल्यामुळे सर्व काही सुरळीत चाले. रात्री मात्र ऑटोमाउंटरने ती सोडून दिलेली असे, तात्पुरत्या पत्त्यावरून आलेली मागणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे, आणि नक्कल निघत नसे. पुढे सोलारिस व लिनक्स यांतील ऑटोएफएसने कर्नेलच्याच, म्हणजे यंत्रप्रणालीच्या गाभ्याच्याच, साहाय्याने मागितलेल्या नावाच्या जागीच डिरेक्टरी जोडण्याची व्यवस्था केली. माझ्या मते हीच एकमेव ग्राह्य रीत होय.

सिमलिंकचे दुसरे संकट याहून सूक्ष्म आहे. सर्व्हरवरील सिमलिंकचा अर्थ सर्व्हर लावीत नाही. तो त्यातील मजकूर जसाच्या तसा मागणाऱ्या यंत्राकडे पाठवितो, आणि ते यंत्र आपल्याच डिरेक्टऱ्यांच्या वृक्षात तो पत्ता शोधू लागते. रत्नागिरीच्या सर्व्हरवर मुळापासून लिहिलेला पूर्ण पत्ता दापोलीच्या संगणकावर कोठेच पोहोचत नाही, किंवा, जे अधिक भयंकर, भलत्याच फाइलवर पोहोचतो. म्हणून एकाच सामायिक संग्रहातील दुवे सापेक्षच असावेत, आणि एका संग्रहातून दुसऱ्यात जाणारा दुवा ऑटोमाउंटरच्या मॅपमधील, म्हणजे कोणते नाव कोणत्या सर्व्हरवरील डिरेक्टरीचे हे सांगणाऱ्या यादीतील, सामायिक नावानेच लिहिला जावा.

कोणी म्हणेल, की नवा सर्व्हर आल्यावर एक सिमलिंक बदलला की काम भागते, ही सोय का दवडावी? सोय खरी; पण तीच मॅपमधील एका नोंदीच्या बदलाने अधिक सुरक्षितपणे साधते, कारण ती नोंद एका ठिकाणी असते आणि दुवे मात्र शेकडो डिरेक्टऱ्यांत विखुरलेले असतात.

आपल्या पावसाळ्याला अनुलक्षून आणखी एक गोष्ट निकडीची आहे. डिरेक्टरीची नुसती यादी पाहिल्याने सर्व दूरस्थ संग्रह जोडले जाता कामा नयेत. अनेक फाइल-व्यवस्थापक यादी दाखविताना प्रत्येक सिमलिंकच्या टोकापर्यंत जाऊन चौकशी करतात. त्यामुळे आषाढातल्या वादळाने लांज्याची वीज गेली असता, ज्याला लांज्याशी काहीच कर्तव्य नाही अशा रत्नागिरीच्या कारकुनाची खिडकीही गोठून बसते. नावे दिसावीत, जोडणी मात्र प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळीच व्हावी, आणि सर्व्हर बंद असेल तर ठराविक मुदतीत स्पष्ट नकार मिळावा. लेखन एकदा सुरू झाल्यावर मात्र सर्व्हर परत येईपर्यंत थांबणेच श्रेयस्कर, कारण अर्धवट लिहिलेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा घातक असते.

संगणकासाठी निविदा काढणाऱ्या ग्रंथालयांच्या, महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या चालकांना माझी विनंती आहे, की साठवणुकीची क्षमता आणि किंमत यांच्या शेजारी या अटीही लिहून घ्याव्यात, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी एक सर्व्हर मुद्दाम बंद करून बाकीचे काम चालते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.