कच्चा शिधा की वाढलेलं ताट?

हरिश्चंद्रगड, कोकणकडा, सकाळची वेळ. समोर दरीत गच्च धुकं, पाठीमागे नुकताच वर आलेला सूर्य. आणि अचानक धुक्यावर आपलीच सावली, तिच्याभोवती अख्खं गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र! कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये याच डोंगररांगांतल्या अशा गोल इंद्रधनुष्याबद्दल लिहून ठेवलंय. मला ते इतक्या ट्रेक्समध्ये एकदाच दिसलं, जेमतेम दोन मिनिटं.

धडाधड वीसेक फ्रेम्स मारल्या. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर काय, धुकं पांढरंफटक आणि रंग गायब! धुकं राखाडी येऊ नये म्हणून एक्स्पोजर वाढवलं होतं, ते जरा जास्तच झालं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचं सेटिंगही तेच, फोटोही तितकाच फिका. पण पठ्ठ्याने सॉफ्टवेअरमध्ये एक स्लायडर खाली ओढला आणि रंग हळूहळू परत आले. फरक एकच. त्याची फाइल रॉ, माझी जेपीईजी.

रॉ म्हणजे कच्चा शिधा. सेन्सरने टिपलेलं जवळपास सगळं त्यात असतं. जेपीईजी म्हणजे वाढलेलं ताट. रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, सगळं कॅमेऱ्याने ठरवलेलं, उरलेला शिधा फेकून दिलेला. आमटीत मीठ जास्त पडलं, की ते काढता येतं का? तसंच.

आकड्यांत सांगायचं तर जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. १४ बिट रॉमध्ये १६,३८४! पहाटेचं आभाळ, ढगांच्या कडा, सावलीतली कातळभिंत, लँडस्केपची सगळी मजा या मधल्या छटांत असते. व्हाइट बॅलन्स चुकला तरी रॉमध्ये तो नंतर बिनधास्त बदला.

मग कायम रॉच? नाही हो! रॉ फाइल जेपीईजीच्या दोन-तीन पट जागा खाते आणि प्रत्येक फोटो घरी बसून ‘शिजवावा’ लागतो. ऑफिसची पिकनिक, मित्राची हळद, बर्थडे पार्टी यांना जेपीईजी झकास. आणि रॉ म्हणजे काही जादूची कांडी नाही. सेन्सरवरच पूर्ण जळालेला पांढरा भाग तीही परत आणत नाही.

म्हणून पुढच्या ट्रेकआधी एवढं कराच :

* मेनूत जाऊन ‘रॉ + जेपीईजी’ निवडा. जेपीईजी ग्रुपवर टाकायला, रॉ जपून ठेवायला. बऱ्याच फोनमध्येही आता रॉची सोय असते.
* जास्तीचं कार्ड सॅकमध्ये ठेवा.
* दोन-तीन फ्रेम्सनंतर हिस्टोग्राम बघा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला, तर एक्स्पोजर कमी करा.
* जेपीईजी एडिट करायचीच असेल, तर कॉपीवर करा. दर वेळी सेव्ह करताना ती थोडी आणखी बिघडते.

माझ्याकडच्या त्या वीस फाइल्स अजून आहेत. प्रत्येकीत माझी सावली दिसते, भोवतालचं इंद्रवज्र मात्र नाही. डिलीट करवत नाहीत. कुणी विचारलं, की मित्राचा फोटो दाखवतो. त्यातल्या वर्तुळाच्या मधोमध सावली मात्र त्याची आहे.